रानहंसांची वाट



आपल्या ह्या पानांवर बहुधा गावाकडच्या आठवणी, लग्नकार्ये, सभा-समारंभ आणि पाककृती ह्यांविषयी लिहिले जाते. आम्ही मात्र ह्या वेळी पक्ष्यांविषयी लिहीत आहोत, आणि तेही आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांविषयी. "ह्या दोघींना म्हातारपणी हे काय सुचले?" असे कोणी म्हणेल. तरी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती. गोष्ट पक्ष्यांची असली तरी ती आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येते.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी बहिणी. दोघींचे शिक्षण मुंबईत, माझगावच्या सर एली कदूरी शाळेत, मराठीतून झाले. मोठी 1975 साली आणि धाकटी 1977 साली एस.एस.सी. झाली, आणि त्याच वर्षी आईवडिलांबरोबर आम्ही इस्रायलला गेलो. नर्सिंग तिथे शिकलो. औषधांची नावे आणि हिब्रू भाषा दोन्ही एकदमच पाठ केली. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे वॉर्डात गेली, त्यांतली निम्मी रात्रपाळीत. आता दोघी निवृत्त आहोत, दोघींचे यजमान निवर्तले आहेत, आणि अशदोदला एकाच इमारतीत वरखाली राहतो. त्यामुळे "मी" म्हणायची सवयच मोडली आहे. जे काही करायचे ते दोघी मिळून.

धाकटीची लेक नोकरीनिमित्त नवऱ्यामुलासह डब्लिनला असते. नातू नऊ वर्षांचा आहे. तो घरी इंग्रजी बोलतो, आमच्याशी हिब्रू बोलतो, शाळेत त्याला आयरिश भाषा शिकवतात. मराठीतले शब्द त्याला बोटांवर मोजण्याइतके येतात: आजी, मोठी आजी, पाणी, पुरे आणि "अगं बाई". गेल्या ऑक्टोबरात सण आटोपल्यावर आम्ही तिकडे गेलो, तेव्हा त्यानेच हट्ट धरला की रविवारी आपण हंस बघायला जायचे. शाळेच्या बाईंनी सांगितले होते की ते उत्तर ध्रुवाकडून येतात. आम्ही डब्यात चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी भरली, दोन-दोन स्वेटर चढवले आणि निघालो.

डब्लिन हे मुंबईसारखेच समुद्राला टेकून वसलेले शहर आहे. उत्तरेच्या बाजूला क्लॉन्टार्फ नावाची वस्ती आहे आणि तिच्यासमोर बुल आयलंड नावाचे सुमारे पाच किलोमीटर लांबीचे वाळूचे बेट आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी हे बेट म्हणण्यासारखे नव्हते. लिफी नदीच्या मुखाशी वाळू साचून जहाजे अडकत, म्हणून 1820 च्या सुमारास समुद्रात एक लांब दगडी भिंत घालण्यात आली. भिंतीमुळे ओहोटीचे पाणी जोराने बाहेर वाहू लागले आणि त्याने बंदराच्या तोंडची वाळू आपोआप उपसली. ती वाळू भिंतीच्या उत्तरेला साठत गेली आणि बेट तयार झाले. माणसाने बंदरासाठी केलेल्या कामातून पक्ष्यांना घर मिळाले. 1931 साली हे बेट पक्ष्यांसाठी राखीव झाले, 1981 साली युनेस्कोने त्याला जीवावरण क्षेत्राचा मान दिला, आणि 2015 साली तो मान सबंध डब्लिन उपसागराला मिळाला. एवढे सगळे शहराच्या बसने जाता येते अशा ठिकाणी! एका बाजूला हाउथचा डोंगर, दुसऱ्या बाजूला वीजघराच्या दोन उंच लाल-पांढऱ्या चिमण्या, मधून बंदरात शिरणारी जहाजे, आणि ह्या सगळ्याच्या पायथ्याशी पक्षी चरत असतात.

पक्षी बघायला भरतीची वेळ साधून जावे लागते, हे आम्हांला तिथे कळले. बेट आणि जमीन ह्यांच्यामध्ये चिखलाण आहे, आणि बेटाच्या आतल्या अंगाला, आपल्याकडे जिला खाजण म्हणतात तशी खारी जमीन. ओहोटी असली म्हणजे पक्षी चिखलभर लांब लांब पांगतात आणि नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत खाजणापाशी आणून गोळा करते. मधून भराव घालून केलेला रस्ता जातो. त्या रस्त्यावर भरतीच्या आधी तासभर उभे राहिले की पक्षी आपण होऊन जवळ येतात. दवाखान्यात रोगी बाकावर सरकत सरकत पुढे येतात, तसा तो प्रकार आम्हांला वाटला.

रस्त्यावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ तिपाईवर मोठी दुर्बीण लावून उभे होते. नातवाने त्यांच्याकडे टक लावून पाहिले. त्यांनी लगेच दुर्बीण खाली करून त्याला बोलावले. तिथून पुढचे दोन तास ते आमचे गुरुजी झाले.

हे हंस म्हणजे ब्रेंट नावाचे रानहंस. आपण चित्रात पाहतो तसले पांढरेशुभ्र नव्हेत. बदकापेक्षा थोडे मोठे, डोके, मान आणि छाती काळी, पोट फिकट. मोठ्या झालेल्या पक्ष्याच्या मानेवर पांढरी बारीक पट्टी असते, आपल्या बायका गळ्यालगत ठुशी घालतात तशी. उन्हाळ्यात ते कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या बेटांवर अंडी घालतात. तिथला उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यात अंडी उबवून, पिल्ले वाढवून, त्यांना उडते करून निघावे लागते. वाटेत ग्रीनलँड आडवे येते. त्याच्यावर बर्फाचा थर आहे, तो काही जागी तीन किलोमीटरहून जाड आहे. तो ओलांडून ते आइसलँडला उतरतात आणि तिथून समुद्रावरून आयर्लंडला येतात. हा चार हजार किलोमीटरहून अधिक प्रवास जेमतेम दीड किलो वजनाच्या पक्ष्याचा! ऑगस्टअखेरपासून ते उत्तरेच्या स्ट्रँगफर्ड लॉक नावाच्या खाडीत जमू लागतात, तिथले समुद्रगवत खातात, आणि ते संपत आले की किनाऱ्याकिनाऱ्याने पांगतात. त्यांतले काही हजार डब्लिनला हिवाळा काढतात. थंडी वाढली आणि खाडीतले खाणे आटले की शहरातल्या बागांत आणि शाळांच्या मैदानांवर येऊन गवत खुडतात. नातू म्हणाला की त्याच्या शाळेच्या मैदानावरही येतात आणि खेळायला जागा ठेवत नाहीत.

त्या दिवशी भरती चढता चढता ते येऊ लागले. रेषा सरळ नाही, पाण्यालगत खाली खाली, घोगऱ्या आवाजात आपसांत बोलत. शेकडो खाजणात उतरले आणि लगेच चरायला लागले. आम्ही नाडी मोजण्यात आयुष्य घालवलेल्या. आम्हांला मोजल्याशिवाय चैन पडेना. पण एक-एक मोजायला जावे तर ते हलतात. गृहस्थांनी युक्ती सांगितली: आधी दहा पक्षी मोजून तेवढ्याने किती जागा व्यापते ते डोळ्यांत धरायचे, मग तेवढे तेवढे तुकडे थव्यावर टाकत जायचे. अशा रीतीने एका थव्यात मोठीचे तीनशे चाळीस आले आणि धाकटीचे तीनशे दहा. गृहस्थांनी दोन्ही आकडे ऐकून तीनशे पंचवीस लिहिले.

आणखी एक गोष्ट आम्हां दोघींच्या एकदमच लक्षात आली. सगळे हंस माना खाली घालून चरत असताना प्रत्येक घोळक्यात एखाद-दुसरा मान ताठ वर करून उभा असे. थोड्या वेळाने तो मान खाली घाली आणि दुसरा वर करी. आम्ही एकमेकींकडे पाहिले आणि हसलो. रात्रपाळी!

मग गुरुजींनी नातवाला पिल्ले ओळखायला शिकवले. पहिल्या हिवाळ्यात पिल्लू जवळजवळ आईबापांएवढे दिसते, पण त्याच्या गळ्यात ठुशी नसते आणि पंखांवर फिकट आडव्या रेघा असतात. एकदा ही खूण कळली की घोळक्याचे रूपच पालटते. तो नुसता थवा राहत नाही, त्यात कुटुंबे दिसू लागतात. पुढे बाप, मागे आई, मध्ये तीन पिल्ले. कोणी परका जवळ आला की बाप मान लांबवून त्याच्या अंगावर जातो. ज्या वर्षी उत्तरेत बर्फ उशिरा वितळतो त्या वर्षी पिल्ले जवळजवळ येतच नाहीत, नुसते जाणते पक्षी येतात. म्हणून इथले लोक दर शरद ऋतूत पिल्ले मोजतात. काही हंसांच्या पायांत रंगीत कडी असतात आणि त्यांवर अक्षरे असतात. दुर्बिणीतून ती वाचून वहीत टिपायची, म्हणजे कोणता पक्षी कोठून निघाला, कोठे पोचला, कोणाबरोबर होता, हे वर्षानुवर्षे कळत राहते. नातवाने एक कडे वाचले, तेव्हा त्याला सरकारी काम केल्यासारखा आनंद झाला.

त्यानेच मग विचारले, "पिल्लांना रस्ता कसा कळतो?"

ह्या प्रश्नाचे उत्तर सबंध दिवसातली मोलाची गोष्ट होती. पाण्याच्या कडेला नॉट नावाचे छोटे करडे पक्षी हजारोंनी दाटले होते. तेही ग्रीनलँड आणि कॅनडाकडूनच येतात. पण त्यांच्यात मोठे पक्षी आधी निघून जातात आणि पिल्ले काही आठवड्यांनी आपली आपण निघतात. वाट दाखवायला कोणी नसते, तरी ती बरोबर पोचतात. वाट त्यांच्या रक्तातच असते. हंसांचे तसे नाही. हंसाच्या पिल्लाला उडण्याची ओढ असते, पण कोठे उतरायचे, कोठे खाणे मिळते, कोणत्या खाडीत धोका नाही, हे त्याला जन्मतः ठाऊक नसते. आईबाप त्याला पहिल्या वर्षी बरोबर घेऊन येतात, सबंध हिवाळा जवळ ठेवतात, आणि वसंतात बरोबर घेऊन परत निघतात. एकदा ती वाट तुडवली की ती त्याची झाली. पुढे ते आपल्या पिल्लांना दाखवते. मधली एक पिढी चुकली, तर पुढच्या पिढीला त्या खाडीचा पत्ताही लागायचा नाही.

हे ऐकून आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. चपात्या सोडून गृहस्थांना एक दिली, त्यांनी भाजीसकट आवडीने खाल्ली. मग त्यांनी विचारले, "तुम्ही कुठल्या?" ह्या प्रश्नाचे आमचे उत्तर नेहमीच लांबते. अशदोदच्या, त्याआधी मुंबईच्या, त्याआधी कोकणच्या. ते म्हणाले, "म्हणजे तुम्हीही रानहंसच."

त्याचा अर्थ त्यांनी समजावून सांगितला. 1691 साली इंग्रजांशी लढाई हरल्यावर लिमरिक येथे तह झाला आणि पॅट्रिक सार्सफील्ड ह्या सेनापतीबरोबर सुमारे 14,000 आयरिश सैनिक बायकामुलांसह फ्रान्सला निघून गेले. लोक त्यांना "वाइल्ड गीज" म्हणजे रानहंस म्हणू लागले, आणि पुढे परदेशी फौजांत गेलेल्या सगळ्याच आयरिश माणसांना ते नाव चिकटले. नाव रानहंसांचे, पण परतले फार थोडे. त्यानंतर 1845 सालापासून बटाट्याचे पीक कुजून मोठा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. 1841 साली ह्या बेटावर ऐंशी लाखांहून जास्त वस्ती होती. तो आकडा आजही पुन्हा गाठला गेलेला नाही. डब्लिनच्या धक्क्यावर त्या लोकांचे पुतळे आहेत, 1997 साली उभारलेले. हडकुळी माणसे बोचकी छातीशी धरून जहाजाकडे चालली आहेत. आम्ही नर्सा, उपाशी शरीर कसे दिसते ते आम्हांला माहीत आहे. घडवणाऱ्यालाही ते माहीत होते.

जो अमेरिकेला जाणार असेल त्याच्या घरी आदल्या रात्री शेजारीपाजारी जमून उजाडेपर्यंत जागत. मयताच्या घरी जसे जागतात, तीच रीत आणि तेच नाव, कारण हा माणूस पुन्हा दिसायचा नाही हे सर्वांना ठाऊक असे. गृहस्थांचा थोरला भाऊ पन्नासच्या दशकात बॉस्टनला गेला होता. "पत्रे येत, पैसे येत," ते म्हणाले, "तो आला नाही. आता त्याची नातवंडे येतात आणि मला विचारतात, आमचे घर कोणते? मी त्यांना नेऊन दाखवतो. मी गेल्यावर कोण दाखवणार?"

भरती ओसरू लागली तेव्हा लांब वाकड्या चोचीचे तपकिरी पक्षी चिखलात उतरले आणि त्यांनी शीळ घातली. ती शीळ ऐकताच आम्ही दोघी थबकलो. हा पक्षी आम्हांला ठाऊक होता! दिवाळीच्या सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने आम्ही आजोळी जात असू, आणि संध्याकाळी अलिबागच्या बाजूच्या किनाऱ्यावर हेच पक्षी ओल्या वाळूत चोच खुपसत हिंडत. ह्यांना मराठीत कोरल म्हणतात; ते रशिया आणि मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी कोकणात येतात. लहानपणी आम्हांला ह्यांचे नाव माहीत नव्हते. ते दिवाळीला येतात आणि आम्हीही दिवाळीला येतो, एवढेच कळत होते. गृहस्थांनी सांगितले की हिवाळ्यात आयर्लंडला हे पक्षी बाहेरून पुष्कळ येतात, पण इथेच घरटी बांधणारे मात्र संपत आले आहेत. 2015 ते 2017 च्या पाहणीत साऱ्या देशात अवघी 138 जोडपी सापडली. तीस वर्षांत शंभरांतली शहाण्णव नाहीशी झाली. परगावचे पाहुणे येतात, घरचे उरले नाहीत.

वाचकहो, हे ऐकून आपल्या गावांची आठवण झाल्याशिवाय कशी राहील? ज्या गावांत शनवार तेल्यांचे घाणे फिरत होते, तिथे आज आपली किती घरे उरली? डिसेंबर-जानेवारीत इस्रायलहून पाहुणे येतात, नवगावचे स्मारक पाहतात, अलिबागच्या इस्रायल आळीत देवळात जातात, नवस फेडतात, मलिदा करतात आणि परततात. हे येणेही आमच्या पिढीपुरतेच आहे, कारण वाट आम्हांला माहीत आहे. आपल्या आडनावांत गाव आहे. ते हंसाच्या पायातल्या कड्यासारखे आहे. आपण कोठून निघालो ते त्यावर लिहिलेले आहे. पण ते वाचणारा हवा. आमच्या नातवाचे आडनाव तर वडिलांकडचे, पोलंडकडचे. त्याच्या पायात ते कडेही नाही.

त्या रात्री जेवताना आम्ही लेकीला म्हटले की पोराला एकदा कोकणात नेऊ या. ती म्हणाली, "आई, तिथे आता आपले कोण आहे? घर विकले, आजोबांनंतर कोणी राहिले नाही. मावशीचा गुडघा दुखतो. त्याला तिथे काय दाखवणार?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. घर विकून तीस वर्षे झाली. आमच्या माहितीचे तिथे कोणी नाही, आणि मोठीचा गुडघा खरेच दुखतो. पण दिवसभर जे पाहिले त्यावरून आम्हांला उत्तर सुचले. उत्तरेला त्या हंसांचे तरी कोण बसलेले असते? बर्फ आणि कोल्हे. तिथे कोणी वाट पाहत असते म्हणून ते पिल्लांना नेत नाहीत. आपल्याला माहीत असलेली जागा पिल्लालाही माहीत असावी, म्हणून नेतात. आम्ही तिला म्हणालो, "तू आठ वर्षांची असताना तुला नेले होते. तुला काय आठवते?" ती म्हणाली, "विहीर. आणि शहाळे. आणि लाँचवर मी ओकले ते." मग आपणच हसली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. नंतर उठून तिने नवऱ्याला विचारले की नाताळच्या सुट्टीत रजा मिळेल का.

तेव्हा येत्या डिसेंबरात आम्ही पाचजण जाणार आहोत. मुंबईहून अलिबागला शक्यतो समुद्रावरूनच जायचे ठरले आहे. विहीर नव्या मालकाला विचारून दाखवू. किनाऱ्यावर संध्याकाळी कोरल दाखवू. नातू त्याची दुर्बीण घेणार आहे. आणि आमच्या आजी-आजोबांच्या कबरी दाखवू. त्यांच्यावरची अक्षरे हिब्रूत आणि मराठीत आहेत. हिब्रू तो वाचील, मराठी आम्ही वाचून दाखवू. त्याला सगळे समजेल अशी आमची अपेक्षा नाही. पिल्लाला पहिल्या वर्षी सगळे कोठे समजते? त्याने एकदा आमच्याबरोबर ती वाट चालावी, इतकेच. पुढे जायचे की नाही ते त्याचे तो ठरवील, पण वाट माहीत नाही म्हणून राहिले असे होऊ नये.

आमच्या वयाच्या वाचकांना एवढेच सांगणे आहे. घरात बसून आपण नातवंडांना गावच्या गोष्टी पुष्कळ सांगतो. ती ऐकतात आणि विसरतात. जमत असेल तर एकदा त्यांना बरोबर घेऊन जा. पाय चालतात तोवर जा. हे आम्ही नर्सा म्हणून सांगतो, कारण "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणणारी पुष्कळ माणसे आम्ही पलंगावर पाहिली आहेत. जाणे शक्यच नसेल तर गावाचे नाव, घराची खूण, कबरीची जागा हे कागदावर लिहून, नकाशा काढून, घरातल्या लहानांतल्या एकाच्या हाती द्या. डिसेंबर-जानेवारीत कोकणची हवा चांगली असते. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नकोत, आणि पाणी उकळून प्या.

सर्वांना शालोम.